चादरीची उरलेली दोन टोकं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या कातडी पिशवीला अजून चिखल आणि गवताचा वास येतो. कारण माझी कामाची वर्षे अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या मोकळ्या मैदानांवर गेली.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला कामाला लावले ते डेल्बर्टने. तो सुतार होता. ‘कॉपर हेरन’ नावाच्या बँडमागे तो गावोगाव हिंडायचा. हा बँड एकच गाणे रोज वेगळे वाजवी, लांबवी, म्हणून त्याचे चाहते प्रत्येक कार्यक्रम टिपून घेत. बँडची त्याला ना नव्हती. उंच काठीवर मायक्रोफोन, खाली मी. टेप एकमेकांना फुकट द्यायच्या, आणि मायक्रोफोनजवळ अवाक्षर काढायचे नाही, हे दोन नियम सगळे पाळत. बायको ग्रेटा शिंकली तरी डेल्बर्ट डोळे वटारायचा.

बँडमधल्या मंडळींचे केस पिकले तेव्हा त्यांनी एक छोटे, संथ गाणे केले, ‘दोरीवरची चादर’. एक म्हातारा अंगणात एकट्याने मोठी चादर घडी करू पाहतो, आणि टोके हातातून निसटत राहतात. ते सुरू झाले की लोक पाणी प्यायला उठत. त्यानंतर लगेच ‘पूर’ हे त्यांचे गाजलेले लांबलचक गाणे येई. ते मधेच तुटू नये म्हणून डेल्बर्ट ‘चादर’ चालू असतानाच माझी कॅसेट पलटायचा, आणि ‘पूर’ सुरू झाला की मगच पुन्हा टिपायला लावायचा.

ग्रेटाला मात्र ‘चादर’च आवडली. तेव्हा ती पोटुशी होती. लेक जन्मली, जुनिपर, ती संध्याकाळ झाली की रडून घर डोक्यावर घ्यायची. ग्रेटा मला लावायची. ‘चादर’ सुरू झाली की पोर शांत. मग माझे खट्ट, आणि ‘पूर’चे ढोल. पोर पुन्हा किंचाळायची.

“पुढचं तूच म्हण ना,” डेल्बर्ट म्हणाला.

“येत असतं तर म्हटलं नसतं? तू नेमकं तिथंच मुंडकं उडवतोस त्याचं!”

डेल्बर्टने घरातल्या सगळ्या टेप लावून पाहिल्या. सगळीकडे तेच. मग मित्र ओटिसकडे मागितली. ओटिस खो खो हसला. “अरे बाबा, आम्हीपण तिथंच पलटतो! दुसरं कुठं पलटणार?”

इतक्या जणांनी इतक्या प्रेमाने टिपले, आणि ते गाणे कोणाकडेच पुरते नव्हते. त्यात बातमी आली, की या उन्हाळ्यानंतर बँड थांबणार.

शेवटच्या कार्यक्रमाला ग्रेटा मुलीला घेऊन मैदानाच्या टोकाला, झाडाखाली बसली. रडे टेपवर नको म्हणून. दुपार कलताना ‘चादर’ सुरू झाली. डेल्बर्टचा हात सवयीने माझ्याकडे आला. मग त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

“अरे, पलट की!” ओटिस खाणाखुणा करत राहिला. डेल्बर्ट हलला नाही. मी सगळे टिपले. आणि ‘पूर’ ऐन रंगात असताना माझी फीत संपली.

“येडा झालास का? शेवटचा ‘पूर’ कापलास!”

“तो तुम्हा सगळ्यांकडे आहे की रे,” डेल्बर्ट म्हणाला.

त्या टेपच्या प्रती मागायला नंतर पुष्कळ जण आले. ओटिस सर्वांत आधी. पुढे नवी यंत्रे आली. मी कपाटात गेलो. पोटातले सेल कोणी काढले नाहीत. ते पाझरले, माझ्या तारा गंजल्या, आतला रबरी पट्टा चिकट झाला. डेल्बर्टही गेला.

गेल्या वसंतात जुनिपरने मला दुरुस्त करून आणले. मायलेकी ती शेवटची टेप लावून स्वयंपाकघरात बसल्या. गाण्यातल्या म्हाताऱ्याच्या हातून टोके निसटली, आणि मग, जिथे मी नेहमी खट्ट करायचो तिथे, त्याची लेक अंगणात येते आणि उरलेली दोन टोके धरते. घडी नीट बसते. एवढेच गाणे आहे. शेवटी तुरळक टाळ्या. आणि त्या टाळ्यांत, मायक्रोफोनच्या अगदी जवळून, जन्मभर सगळ्यांना गप्प बसवणाऱ्या डेल्बर्टचा आवाज:

“ग्रेटा, मिळालं गं! अख्खं मिळालं!”

ग्रेटाने टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली.

मित्रांनो, आम्हांला कपाटात ठेवाल तेव्हा सेल तेवढे काढून ठेवा. आणि संथ गाणे लागले की लगेच उठू नका. थोडे बसा.