वॉर्डातली किटली आणि क्लॅरीची बोटे

मी एक जुनी किटली आहे, पण माझा चहा तहानेसाठी नसतो. तो परीक्षेसाठी असतो. टास्मानियातल्या एका रुग्णालयात अर्धांगवायूतून सावरलेली माणसे माझ्यात पाणी उकळून चहा करतात. जमला, तर घरी जातात.

त्यांना रोजची कामे पुन्हा शिकवणारी ब्रॉनविन वॉर्डातली. त्याच विद्येची प्राध्यापिका अँथिया विद्यापीठातली. या परीक्षेवर दोघी मिळून संशोधन करत. सगळे माझे कौतुक करत. मीही फुगले होते.

क्लॅरी नावाच्या म्हाताऱ्याला वीसपैकी वीस मिळाले.

"त्याच्या घरी लाकडाची चूल आहे गं," ब्रॉनविन म्हणाली.

"फॉर्मात तसा रकाना नाही," अँथिया म्हणाली.

तो घरी गेला, आणि नवव्या दिवशी चुलीपाशी त्याची बाही पेटली. क्लॅरी गेला. तेव्हापासून त्याची चार बोटे माझ्या मुठीवर आहेत, मित्रांनो. खोटे वाटले तर वाटो! पाणी उकळले की ती आवळतात, आणि माझ्या तोटीतून दबका खोकला येतो.

मग मर्लबाई आल्या. त्यांनाही वीस. पण घरी सोडायच्या कागदावर ब्रॉनविन सही करेना.

"अगं, गुण पूर्ण आहेत," अँथिया म्हणाली.

"क्लॅरीचेही होते."

अँथियाने परीक्षेची वेळ मोजायचे घड्याळ खिशात टाकले. "चल, यांच्या घरी जाऊन बघू."

"ही पोचट किटलीपण घ्या," मर्लबाई म्हणाल्या. "माझी लोखंडी बघून लाजेल तरी!"

घरी त्यांनी ऐटीत चूल पेटवली. डाव्या बाजूचे भान त्यांना आजारापासून नव्हते. डावी बाही जाळाकडे सरकली. दोघी फॉर्मात डोके घालून बसलेल्या. तेवढ्यात क्लॅरीची बोटे अशी आवळली, की पिशवीत मी रिकामी असून माझे झाकण खडखडले. ब्रॉनविनने दचकून वर पाहिले आणि मर्लबाईंचा हात मागे ओढला.

"मेले असते की गं मी," मर्लबाई पुटपुटल्या.

अँथियाने फॉर्मचा कागद उलटा केला. "ब्रॉन, तू सांग. काय काय विचारायचं? मी लिहिते."

पंधरा दिवसांनी चुलीच्या जागी उजव्या हाताशी विजेची शेगडी आली, आणि मर्लबाई घरी गेल्या.

मित्रांनो, कोणालाही शाबासकी देऊन घरी धाडण्याआधी त्याच्या उंबरठ्याच्या आत एकदा डोकावून या.