कप मिळालेला मुद्दा

इतवारीतल्या भांड्यांच्या बाजारामागे एक अरुंद गल्ली होती. दिवसभर तिथे पितळेवर हातोडे पडत, आणि तरीही गल्लीतल्या माणसांचा आवाज हातोड्यांच्या वर ऐकू येई. यावरून त्यांना बोलण्याची किती हौस होती ते समजावे. सदुसष्ट-अडुसष्टचा तो काळ. रेडिओ मोजक्या घरांत. बाकीच्यांनी वादविवादावर भागवायचे.

गल्लीच्या तोंडाशी ज्ञानसेवक वाचनालय होते. पुस्तकांची कपाटे दोन, उपाध्यक्ष सात. अध्यक्ष मात्र एकच, मार्तंडराव पांढरीपांडे. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, आणि रिटायर झाल्याचे अजून कोणी त्यांना नीट समजावून न सांगितलेले. दर जानेवारीत वाचनालयाच्या वाढदिवसाला ते वक्तृत्वाचा सामना भरवत. त्यातला त्यांचा नियम मोठा कडक होता. विषयाची बाजू चिठ्ठी टाकून ठरायची. ज्याला जे पटते तेच बोलू दिले तर त्यात कसले आले कौशल्य, असे त्यांचे म्हणणे.

त्या वर्षी महापालिकेने देवी टोचायची मोहीम काढली होती. भिंतीभिंतीवर पाट्या लागल्या होत्या. साहजिकच विषय ठरला, ‘देवीची लस: शाप की वरदान?’

मार्तंडरावांची मुलगी चारुशीला तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने ‘वरदान’ धरून छान तयारी केली होती. चिठ्ठी निघाली ‘शाप’. ‘वरदान’ निघाले भांडेवाल्याच्या चंद्रभानच्या नशिबी. चंद्रभान गिऱ्हाइकाला गंज-पातेली विकताना तासभर बोलत असे, पण माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “देवीची लस चांगली असते. ती घ्यावी. फुकट असते.” मग पाणी प्यायला आणि खाली बसला. लसीची बाजू एवढ्यावर आटोपली.

चारुशीला उठली. ताप येतो, म्हणाली. हात सुजतो, महिनाभर खपली जात नाही. टोचायच्या चकतीचे दाते नीट उकळलेले असतात की नाही हे कोणी पाहिले आहे? इंग्लंडातसुद्धा लोकांनी सक्तीविरुद्ध मोर्चे काढले होते. ते काय अडाणी होते? तान्ह्या बाळाची संमती कोणी घेतली? आणि शेवटी उजवा हात वर करून, आवाज एकदम खाली आणून तिने विचारले, “ज्या देवीपुढे आपण हात जोडतो, तिच्याच नावाने आपल्या लेकरांना भोसकायचे?”

टाळ्यांनी मांडव हलला. वर केलेल्या त्या हाताची बाही मागे सरकली होती आणि दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीचे दोन ठसठशीत वण दिसत होते. पण एवढ्या सुंदर वाक्याच्या वेळी दंडाकडे कोण पाहतो?

बायकांच्या बाजूला सतरंजीवर तिची वहिनी जया बसली होती. मांडीवर पाच महिन्यांचा दिगू. तिनेही टाळ्या वाजवल्या, दिगूचे दोन्ही हात धरून त्याच्याकडूनही वाजवून घेतल्या. घरातली मुलगी जिंकत होती. टाळ्या वाजवायच्या नाहीत तर काय?

कप जर्मन सिल्व्हरचा होता. तो पांढरीपांड्यांच्या दारापुढच्या छपरीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशा फळीवर ठेवला गेला. आणि मग गल्लीत एक गंमत झाली. लोक नुसत्या टाळ्या वाजवून थांबले नाहीत, त्यांना ते पटले. शास्त्राला तोवर कुठे कप मिळाला होता? चारुशीलेच्या मुद्द्यांना मिळाला होता. आठवड्याभरात नळावरच्या बायका ‘संमती’ हा शब्द बादली भरता भरता वापरू लागल्या. दंडावर चवलीएवढे वण असलेले पुरुष एकमेकांना सांगू लागले की लस घेतलेला माणूस काही धड राहत नाही.

जयाला याची काळजी वाटायचे कारण पडले फेब्रुवारीत. मागच्या मोहल्ल्यात एका दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. त्या घरातल्या मुलीला माता आली होती, म्हणजे देवीच. चार दिवसांनी शेजारच्या दारावरही डहाळा दिसला.

जया खापरखेड्याची. वडील तिथे पॉवर हाउसच्या स्टोअरमध्ये, आणि ती वाढली कॉलनीत, सगळ्या जातींच्या पोरांत. त्यामुळे तिच्या बोलण्यात ‘मले-तुले’ यायचे, आणि ते आले की सासरे वर्तमानपत्रातून डोके काढून चष्म्यावरून बघायचे. सासूबाई हयात नव्हत्या. मोकळे बोलावे असे कोणी नव्हते, म्हणून जया सासरी कमीच बोलत असे. पण कडुनिंबाचा डहाळा म्हणजे काय हे तिला या घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होते. तिच्या धाकट्या मावशीला लहानपणी माता आली होती. चेहऱ्याची चाळण झाली आणि एक डोळा गेला. सुईत दोरा ओवायला ती जयाला हाक मारायची, आणि दोरा ओवून झाला की म्हणायची, “माह्यापेक्षा तुह्येच डोळे भले हायेत वं.”

दिगूला टोचलेले नव्हते. जयाने नवऱ्याला गाठले. अनंत बँकेत होता, माणूस सज्जन.

“बाबांशी बोलतो,” तो म्हणाला. आणि वर्तमानपत्र घेऊन बसला. असा तो लग्नापासून बऱ्याच गोष्टी बाबांशी बोलणार होता.

मग ती चारुशीलेकडे गेली. चारुशीला आरशासमोर उभी राहून हातवारे करत होती.

“चारूताई, दिगूला देवी टोचून घ्यायची आहे.”

“घ्या की वहिनी. घ्यायलाच हवी.”

“मग ते भाषण?”

“अहो, ते चिठ्ठीत निघालं म्हणून! मला तर वरदानच बोलायचं होतं. लसीनं किती जीव वाचले याचं टिपण काढून ठेवलं होतं मी.”

“मग मामंजींना सांगा ना तसं.”

“आता कसं सांगू?” चारुशीला खाली बसली. “परीक्षकांनी म्हटलं, हे भाषण अंतःकरणातून आलं. लकडगंजच्या व्यापारी मंडळानं पुढच्या महिन्यात बोलावलंय, तेच भाषण करायला. आणि बाबा सगळ्यांना सांगून राहिले की आमच्या घराचं हे मत आहे. मीच उलटले तर कप परत करावा लागेल.”

“कपापेक्षा दिगू मोठा नाही का?”

“तो तर आहेच हो,” चारुशीला अगदी मनापासून म्हणाली. पण पुन्हा आरशाकडे वळलीच.

मार्तंडरावांना जयाने स्वतः विचारले, चहाचा कप पुढे ठेवता ठेवता. ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत, मुद्दा सांगत.

“सूनबाई, प्रश्न लसीचा नाही. प्रश्न सुसंगतीचा आहे. सगळी गल्ली आपल्याकडे बघते. आपणच टोचून घेतलं तर लोक म्हणतील, यांचं भाषण वेगळं आणि वागणं वेगळं.”

“पण मागच्या मोहल्ल्यात–”

“तिथे वाचनालय नाही,” मार्तंडराव म्हणाले, जणू देवीचा रोग सभासदत्व विचारून घरात शिरतो.

सोमवारी सकाळी नत्थूजी आले. महापालिकेचे देवी डॉक्टर म्हणत त्यांना. डॉक्टर वगैरे काही नव्हते, खाकी पिशवी आणि स्पिरिटचा वास एवढीच डॉक्टरकी. गल्लीच्या पहिल्या घराने दार लावून घेतले. दुसऱ्या घरातून इंग्लंडातल्या मोर्चांबद्दल ऐकवले गेले. तिसऱ्या घरात इंदुताई राहत. त्यांची तीन पोरे पदर धरून उभी होती. त्या जरा घुटमळल्या, पण म्हणाल्या, “पांढरीपांड्यांनी घेतली का? त्यांच्याकडं आधी जा. ते घेतील तं आम्ही पाहू.” चौथ्या घरानेही तेच सांगितले, पाचव्यानेही.

अशी अख्खी गल्ली नत्थूजींच्या मागे चालत पांढरीपांड्यांच्या छपरीसमोर येऊन उभी राहिली. घरातल्या कामांची कोणाला घाई दिसली नाही.

मार्तंडराव आरामखुर्चीत होते. त्यांचा चेहरा फुलला. रिटायर झाल्यापासून एवढे लोक एका वेळी त्यांच्या दारात आले नव्हते.

“या, या. बसा. तुमची बाजू मांडा. पाच मिनिटं देतो.”

नत्थूजी उभेच राहिले. “मले बोलाची ड्यूटी नाही, साहेब. टोचाची हाय.”

“असं कसं? जे करता त्याचं समर्थन करता आलं पाहिजे.”

“टोचलं की माता येत नाही. झालं समर्थन.”

“हे विधान झालं, युक्तिवाद नव्हे!” मार्तंडरावांनी गर्दीकडे पाहिले. चंद्रभान हसला, स्वतःपेक्षा वाईट बोलणारा माणूस त्याला प्रथमच भेटला होता. “चारू, ये बाहेर. यांना तुझे मुद्दे ऐकव.”

चारुशीला आली. ती नको म्हणत आली, पण पायरीवर उभी राहिली, समोर माणसे दिसली आणि तिचा आवाज आपोआप लागला. ताप, सूज, दाते, मोर्चे, संमती. सगळे तसेच, उलट जास्त सफाईने. नत्थूजी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ऐकत होते. लोक ‘वा’ म्हणत होते. शेवटच्या वाक्याला दोन-तीन जण तिच्या आधीच बोलून मोकळे झाले.

“झालं,” मार्तंडराव म्हणाले. “नत्थूजी, तुम्ही आता निघू शकता.”

नत्थूजींनी पिशवी उचलली. एवढ्यात जया दिगूला कडेवर घेऊन बाहेर आली. एवढ्या लोकांसमोर ती लग्नात उभी राहिली होती, पण तेव्हा बोलायचे नव्हते.

“थांबा जी जरा,” ती म्हणाली.

“सूनबाई, बोलायचं आहे का तुला?” मार्तंडराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी उत्सुकताच होती. “बोल. पण मुद्देसूद बोल.”

जयाने तोंड उघडले आणि जे आले ते खापरखेड्याचेच आले. “मले एवढंच म्हणायचं आहे...”

मागे कोणी तरी फिसकन हसले. जयाचा चेहरा लाल झाला. दिगूने तिच्या मंगळसूत्रात बोट अडकवले होते, ते सोडवायच्या निमित्ताने ती थोडी थांबली.

“चारूताईचे सगळे मुद्दे खरे आहेत,” ती म्हणाली. “ताप येते. हात सुजते. पोरगं रडते. मी नाही कुठं म्हणते? पण ताप आला तं मी आहे. पट्ट्या ठेवीन, मांडीवर घेऊन बशीन. माता आली तं मी काय करू? त्याच्यात मले काहीच करता येत नाही.”

इंदुताईंनी धाकट्या पोराला जवळ ओढले.

“चारू,” मार्तंडराव म्हणाले, “उत्तर दे.”

चारुशीलेने वहिनीकडे पाहिले, मग दिगूकडे. तिला उत्तर द्यायचे नव्हते. पण उत्तर होते तिच्याजवळ. कॉलेजात चार वर्षे तिला हेच शिकवले होते की उत्तर असताना गप्प बसू नये.

“पण वहिनी,” ती हळूच म्हणाली, “माता येईलच, असं कशावरून?”

“वा!” कोणी तरी म्हणाले. खरोखर बिनतोड होते. मार्तंडराव खुर्चीत पुढे सरकले. सगळे जयाच्या तोंडाकडे पाहू लागले.

जयाने विचार केला. खरोखरच केला. मग मान हलवली.

“याचं उत्तर नाही माह्यापाशी. तुम्ही जिंकल्या, ताई. मी हारली.” आणि ती नत्थूजींकडे वळली. “मी हारली जी. आता टोचा.”

तिने दिगूची बाही वर केली.

“अगं पण–” मार्तंडराव उठले. “हरलीस ना तू? मग टोचायचं कसं?”

“हारलेल्यानं टोचून घेऊ नये असा नियम आहे का, मामंजी?”

मार्तंडरावांनी तोंड उघडले. वाचनालयाची सगळी नियमावली त्यांनीच लिहिली होती. असा नियम तिच्यात नव्हता. नियमात नसलेल्या गोष्टीला हरकत घेणे हे त्यांच्या हयातीत कधी झाले नव्हते. ते उभेच राहिले. तोवर नत्थूजींनी, ज्यांना युक्तिवादात रस नव्हता पण संधी ओळखता येत होती, दिगूचा दंड पुसला, थेंब ठेवला आणि चकती टेकवून फिरवली.

दिगूने गल्लीभर ऐकू जाईल असा आपला पक्ष मांडला. संमती नव्हती, एवढे त्यात स्पष्ट होते.

गर्दी काही हलेना. लोकांना नेमके काय पाहिले ते कळत नव्हते. पांढरीपांड्यांनी घेतली म्हणायची की नाही? घराचे मत तर जिंकले होते. मग इंदुताई तिन्ही पोरांना पुढे ढकलत पायरीपाशी आल्या.

“जया, तू हारली म्हणते नं?”

“हो.”

“मंग आम्हीही हारलो वं. घ्या नत्थूजी, हा मोठा आधी, तो पळते.”

त्यानंतर हरणाऱ्यांची रांगच लागली. ज्यांनी कालपर्यंत चारुशीलेची वाक्ये पाठ म्हटली होती, ते आज एकेक करून येत, “आपल्याजवळ काही उत्तर नाही बुवा,” असे मोठ्या समाधानाने कबूल करत आणि दंड पुढे करत. मत बदलायचे म्हणजे केवढी नामुष्की. हरायला काही लागत नाही. चंद्रभान तर म्हणाला, “मी तं जानेवारीतच हारलो होतो,” आणि रांग मोडून पुढे घुसला.

चारुशीला दाराला टेकून उभी होती. थोड्या वेळाने तिने छोट्या मुलांचे हात धरायला सुरुवात केली. तिला धरलेली मुले कमी रडत होती, कारण ती त्यांच्याशी सारखी काहीतरी बोलत होती. लकडगंजला ती गेली की नाही याबद्दल गल्लीत दोन मते आहेत, आणि दोन्ही बाजू अजून ठामपणे मांडल्या जातात.

मार्तंडरावांना थोडा वेळ काय करावे ते सुचेना. मग त्यांना आपले काम सापडले. रांगेत नवीन माणूस आला की ते त्याला सगळे पहिल्यापासून सांगू लागले: सूनबाईने काय म्हटले, चारूने कसे बिनतोड उत्तर दिले, सूनबाई कशी निरुत्तर झाली. प्रत्येक वेळी जयाचा पराभव आधीपेक्षा मोठा होत होता, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याचा आवाज जरा जास्तच अभिमानी होत होता.

आतल्या खोलीत जयाला ते सगळे ऐकू येत होते. दिगू हुंदके देत देत झोपला होता. त्याने दंड चोळू नये म्हणून त्याचा दुसरा हात आपल्या मुठीत धरून ती बसली होती. रात्री ताप येणार हे तिला माहीत होते. तिने हातानेच उशापाशी चाचपून पट्ट्यांसाठी जुने धोतर काढले आणि एका हाताने, दातात धरून, ते फाडायला लागली.