पुराच्या भिंतीपाशी

वाचनालयाच्या वरच्या दालनात प्रदर्शन लागलं होतं. गावावर आजवर जे जे कोसळलं त्याचा तो इतिहास. शाळेचं छप्पर उडवून नेणारं वादळ, घरांची कौलं फोडून गेलेली गारपीट, डोंगराकडच्या गल्लीवर आलेली दरड आणि सगळ्यांत मोठा, नदीचा पूर. पुराला अख्खी एक भिंत दिली होती. भिंतीच्या मधोमध एका हसऱ्या माणसाचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत ओळ : 'कोपलेल्या नदीने आपल्यातून नेलेला कर्तव्यदक्ष कामगार.'

हॅलोबाईंनी ती ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

फोटोतला माणूस त्यांचा नवरा होता, कागदाच्या गिरणीत फिटर. हॅलोबाई हे नाव गावाने ठेवलेलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. कानाला यंत्र लावून त्या तारा जोडत बसायच्या, आणि घरी कुणी दार वाजवलं तरी तोंडातून आधी 'हॅलो' निघायचं, म्हणून हॅलोबाई.

ओळ लिहिणारा होता त्यांचा दीर. एके काळी गिरणीचा सुपरवायझर, आता प्रदर्शन समितीचा अध्यक्ष. पांढऱ्याशुभ्र शर्टात तो हसत जवळ आला.

"कशी वाटली ओळ, वहिनी? उद्या उद्घाटनाला तुम्ही दोन शब्द बोलायचे. लोकांना बरं वाटेल."

"नदी कोपली होती का, भाऊजी?"

"म्हणजे काय. पूरच तो."

"आणि फाटकाला कुलूप कोणी घातलं होतं? तेही नदीनेच?"

दिराचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्याने आजूबाजूला पाहिलं. खिळे ठोकणारा शिपाई तेवढा होता.

"जुनी मढी कशाला उकरताय?" तो हळू आवाजात म्हणाला. "आई असती तर तुम्ही हे बोलला नसता."

"आई होत्या म्हणूनच बोलले नाही."

ते खरंच होतं. पुराच्या दुपारी धरणाच्या कचेरीतून गिरणीला फोन आला तो हॅलोबाईंनीच जोडून दिला होता. पावसाने तार खरखरत होती, मधेच तुटेल म्हणून त्या कान लावून बसल्या. पलीकडचा माणूस सांगत होता, दरवाजे उघडावे लागतायत, तळमजल्यावरची माणसं आत्ताच्या आत्ता वर काढा. त्यावर त्यांच्या दिराचा ओळखीचा आवाज आला : "एवढी पाळी संपू दे. आता सांगितलं तर सगळे घरी पळतील. फाटकच बंद करून घेतो."

आणि त्याने फाटक बंद करून घेतलं. लगद्याची खोली तळमजल्यावर होती, आणि त्या खोलीत त्याचा सख्खा भाऊ काम करत होता. हॅलोबाई गिरणीचा नंबर फिरवत राहिल्या. तिकडे कुणी उचलेना. जागा सोडून धावत जाण्याचीही सोय नव्हती, कारण सगळं गाव एकाच वेळी फोनवर आलं होतं आणि तारा जोडायला त्या एकट्याच.

तेरावं झाल्यावर त्यांनी सासूला सगळं सांगितलं. सासूने त्यांचे दोन्ही हात धरले. "एक मुलगा नदीने नेला," ती म्हणाली, "दुसरा तू नेऊ नकोस." हॅलोबाईंनी तोंडाला कुलूप घातलं. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. सासू चांगली पिकलं पान होईपर्यंत जगली, गेल्या वर्षी गेली.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला हॅलोबाई बोलल्याच नाहीत. भाषणं झाली, फीत कापली, टाळ्या वाजल्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी कोपऱ्यातली एक खुर्ची ओढली आणि फोटोखाली बसल्या. पहिलं जोडपं भिंतीपाशी आलं तसं त्या म्हणाल्या, "ती ओळ खोटी आहे. खरं काय झालं ते सांगते, ऐका."

मग रोजच. दालन उघडलं की हॅलोबाई हजर. रडणं नाही, पदर डोळ्याला लावणं नाही. वर्षानुवर्षं तारेवर बोलून कमावलेला स्वच्छ, कडक आवाज, आणि समोर येईल त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं. समितीने शिपायाला खुर्ची काढायला पाठवलं. शिपाई खुर्चीभोवती एक फेरी मारून परतला. "माझी कंबर धरलीय," त्याने सांगितलं, "खुर्ची काही उचलत नाही माझ्याने." खुर्ची घडीची होती, एका हाताने उचलण्यासारखी.

शेवटी दिराने पुतणीला गाठलं. हॅलोबाईंची मुलगी कामावरून तशीच तावातावाने आली.

"आई, काका म्हणतायत तुझं डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरला दाखवू म्हणतायत. काय चाललंय हे?"

"बस," हॅलोबाई म्हणाल्या, आणि तिलाही सगळं सांगितलं.

मुलगी उठून फोटोसमोर उभी राहिली. मग तिचा आवाज चिरकला. "दर सणाला त्यांच्या पाया पडायला लावलंस मला. माझं कन्यादान त्यांच्या हातून करवलंस. मला का नाही सांगितलंस?"

  मुलगी ताडकन निघून गेली आणि दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती दुसरी खुर्ची घेऊन. ती आईच्या शेजारी मांडून बसली.

त्या दुपारी शाळेच्या मुली प्रदर्शन बघायला आल्या होत्या. हॅलोबाई सांगत असताना दीर समितीच्या दोघांना घेऊन दारात येऊन उभा राहिला. त्यांनी त्याला पाहिलं, पण आवाज खाली आणला नाही. सांगून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "मग त्या साहेबांचं काय झालं?"

"बढती झाली," हॅलोबाई म्हणाल्या.

मुलींपैकी कुणी हसलं नाही. त्यांच्या बाईंनी वळून दाराकडे पाहिलं, मग समितीच्या दोघांनीही.   दीर जिना उतरून गेला आणि प्रदर्शनात पुन्हा आला नाही.

आठवड्याभराने समितीने ओळ बदलली. त्यावरही घासाघीस झालीच. नव्या फलकावर लिहिलं : 'धरणाचा निरोप वेळेवर आला होता. गिरणीच्या फाटकाला कुलूप होतं.' ते कोणी घातलं हे लिहायला समिती शेवटपर्यंत तयार झाली नाही. 'वाद नको,' एवढंच त्यांचं म्हणणं.

फलक लागताना हॅलोबाई समोर उभ्या होत्या. मुलीने विचारलं, "आता राग गेला?"

"नाही," त्या म्हणाल्या. "अर्धंच लिहिलंय मेल्यांनी. उरलेलं मी सांगत बसेन."

"मग मीही बसते," मुलगी म्हणाली. "पण माझं तुझ्याशी भांडण आहे, ते मिटलेलं नाही."

"नसू दे," हॅलोबाई म्हणाल्या, आणि दालनात आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला त्यांनी हाताने जवळ बोलावलं.