वास्कोचं पत्र

"एकच?" तिकीटखिडकीतल्या माणसाने पुन्हा विचारलं.

"एकच," मंगेश परब म्हणाला आणि ओळखीचं कुणी नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं.

छप्पन्न वर्षांचा माणूस, वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात आंब्याची कलमं बांधणारा, अर्ध्या दिवसाची रजा टाकून कुडाळला दुपारचा प्रेमाचा सिनेमा बघायला एकटा आला होता. रजेच्या अर्जात त्याने 'घरगुती काम' असं लिहिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

झालं होतं असं. रविवारी त्याची बायको आनंदी काजूच्या कारखान्यातल्या बायकांबरोबर हाच सिनेमा बघून आली, ती डोळे लाल करून. रात्री जेवली नाही. सोमवारी बोलली नाही. मंगळवारी त्याला पेज वाढून स्वतः तोंडाला पदर लावून खिडकीपाशी बसली. मग मंगेशने तिच्या मैत्रिणीला, किशोरीला, बाजारात गाठलं आणि सिनेमात काय आहे ते विचारलं.

"दोघांचो एकामेकावर जीव आसता, ताटातूट होता, आणि पंचवीस वर्सांनी गाठ पडता," किशोरी म्हणाली. "आनंदी तर हुंदके देऊन रडली ओ!"

मंगेशने त्याच दिवशी रजेचा अर्ज लिहिला.

थिएटरात माणसं थोडीच होती. मागच्या रांगेत कॉलेजची मुलं. मध्यंतरापर्यंत मंगेशला जरा धीर होता. नायिकेच्या नवऱ्याला सिनेमात चारच प्रसंग होते आणि चारही वेळा तो फोनवर बोलत होता. मंगेशला तर फोन उचलायचाही कंटाळा. पण मध्यंतरानंतर उघड झालं, की नायकाने पाठवलेलं पत्र नायिकेच्या घरच्याच माणसाने दडवून ठेवलं होतं.

"काय हलकट माणूस!" मागची एक मुलगी मोठ्याने म्हणाली.

मंगेश खुर्चीत खाली सरकला. शेवटी ती दोघं विमानतळावर एकमेकांच्या गळ्यात पडली, मुलांनी शिट्ट्या मारल्या, दिवे लागले. तो बसूनच होता. झाडायला आलेल्या बाईने त्याला उठवलं.

घरी पोचला तेव्हा आनंदी घरापुढच्या अंगणात, खळ्यात बसली होती. तो तिच्यासमोर पायरीवर टेकला.

"मी आज पिक्चर बघून इलंय. तू बघलंस तोच."

"तुमी? एकटे?"

"तुका एक सांगूचा आसा." त्याने चप्पल काढली, पुन्हा घातली. "आपला लग्न झाला त्या वर्सा, चतुर्थी झाल्यावर, तुझ्या नावान एक पत्र इला होता. वास्कोसून. दत्तारामाचा. पोस्टमनान माझ्या हातात दिल्यान. मी फोडलंय, वाचलंय, आणि चुलीत घातलंय."

दत्ताराम म्हणजे आनंदीच्या माहेरचा, धामापूरचा, शेजारच्या घरातला, पुढे गोव्यात वास्कोला नोकरीला गेलेला मुलगा. एकतीस वर्षांत हे नाव या घरात कुणी काढलं नव्हतं. त्यानेही नाही, तिनेही नाही.

"काय लिवल्यान होता?" तिने विचारलं.

"सगळा सांगू?"

"सगळा."

मंगेशने घसा खाकरला आणि खाली बघत, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणायला सुरुवात केली.

"'आनंदीस. चतुर्थीला गावी आलो तेव्हा तुझं लग्न झाल्याचं कळलं. नोकरी पक्की झाल्यावर मागणी घालायची, असं मी ठरवलं होतं. ती श्रावणात झाली आणि तुझं लग्न वैशाखात. चूक माझीच. दोन दिवस तळ्याच्या पायऱ्यांवर बसून काढले. तुझा नवरा झाडांना जीव लावणारा माणूस आहे असं ऐकलं. म्हणजे तुलाही लावेल. सुखी असलीस तर एक कार्ड टाक. नाही आलं तर समजेन, तू माझ्यावर रागावली आहेस. मग पुन्हा लिहिणार नाही.'"

तो थांबला. आनंदीने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते.

"एकतीस वर्सा ध्येनात ठेवलास?"

"इसरूक जमला नाय."

"मगे आज कित्याक सांगतास?"

"तू पिक्चर बघून रडलंस. तीन दिवस बोलूक नाय. माका वाटला, तेचीच आठवण इली."

"पिक्चरात सगळीच रडत होती. किशोरी रडली म्हणान मी रडलंय!" आनंदी म्हणाली. "आणि बोलूक नाय कारण माझी दाड ठणकता. गाल बघा, केवढो सुजलो हा तो!"

तिने पदर काढून तोंड वळवलं. डावा गाल खरंच सुजला होता. तीन दिवस मंगेश फक्त तिचे डोळे बघत होता.

त्याला हसू फुटायच्या बेतात होतं, पण ती हसली नाही. उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला डॉक्टरकडे नेलं. दाढ काढली. परतताना एसटीत ती त्याच्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसली. सूज उतरली तरी बोलणं सुरू झालं नाही. जेवण वेळेवर वाढत होती, कामावर जात होती, त्याचा डबाही भरत होती. मंगेशने एकदाही 'माफ कर' म्हटलं नाही. एवढा लहान शब्द कुठून काढायचा, ते त्याला कळेना.

शनिवारी सकाळी ती आपणहून म्हणाली, "पोस्टातसून एक कार्ड आणा."

त्याने आणलं. ती पेन घेऊन बसली.

"पत्तो सांगा. तो पण ध्येनात आसतलोच तुमच्या."

होता. चाळीच्या नावासकट त्याने सांगितला, तिने लिहून घेतला.

"येवढ्या वर्सांनी तो थंयच आसात?" त्याने हळूच विचारलं.

"नसलो तर नसलो. तो समजान बसलो आसात, मी रागावलंय म्हणान." तिचा आवाज चिरकला. "एकतीस वर्सा! तेव्हाच माका सांगूक होया होता तुमी. मी खंय पळान जातलंय होतंय?"

"होय," मंगेश म्हणाला. "सांगूक होया होता."

ती पुष्कळ वेळ लिहीत होती. तो खळ्यात उभा राहून आतला पेनाचा आवाज ऐकत होता. मग ती दारात आली आणि कार्ड त्याच्यापुढे धरलं.

"टाकून येवा. चाय ठेवतंय."

कार्डाला पाकीट नसतं. मंगेशने पत्त्याची बाजू वर करून ते तळहातावर घेतलं आणि चालू लागला. वळणावर खाडीकडचा वारा सुटला होता. कार्ड उलटू नये म्हणून त्याने ते लिहिलेली बाजू आत करून छातीशी दाबून धरलं. वाटेत कुणीतरी "खंय चाललास रे?" म्हणून हाक मारली. तो फक्त मानेने पुढे दाखवून निघाला.

पेटीपाशी आल्यावर त्याने कार्ड फटीत सरकवलं, तेही पत्ता वर ठेवूनच. आत पडल्याचा आवाज काही आला नाही, म्हणून तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला.