बॅटरीवरची पट्टी

मिस्त्रींचा राग कायम नाकावर, आणि बॅटरीच्या बाबतीत तर विचारूच नका. इंजिनात चूक सापडली तर ते शिव्या देत. बॅटरी ढिली सापडली तर हातातला पाना फेकत. "ही काय भाजी आणायला जाणारी गाडी आहे का?" हे वाक्य अख्ख्या गॅरेजला पाठ होतं. त्यांचं चुकत नव्हतं म्हणा. साध्या गाडीत बॅटरी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसते, एवढीशी पट्टी तिला खालून धरते आणि वर्षानुवर्षं निभतं. शर्यतीची गाडी वळणावर आडवी ओढली जाते, ब्रेकला आदळते, आणि तिथं पंधरा किलोचं ते धूड सुटलं तर काय करेल याचा नेम नाही. म्हणून मिस्त्री डिकीच्या पत्र्यातून आरपार दोन रॉड घालत, बॅटरीच्या डोक्यावरून लोखंडी पट्टी टाकत, वरून नट आवळत. मग बॅटरी दोन्ही हातांनी धरून जोरात हिसडा देत. बॅटरी हलायची नाही, गाडीच हलायची, आणि मगच तपासणीच्या कागदावर सही व्हायची.

गाडी चालवायचा त्यांचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, त्याला मिस्त्रींनीच लहानाचा मोठा केला. पस्तिशीचा गडी झाला, तरी दादानं डोळे वटारले की हूं नाही की चूं नाही. वायरिंगचं काम त्याची बायको बघायची. मिस्त्री तिला वायरबाई म्हणत. उलटून बोलायची ती तेवढी एकटीच. "दादा, नट पान्यानं घट्ट होतात, ओरडून नाही," असं सरळ तोंडावर म्हणायची आणि मिस्त्री हसू दाबत भलतीकडे बघायचे.

त्या दिवशी सरावाच्या फेऱ्या संपल्या आणि बॅटरीनं मान टाकली. शेजारच्या टीमनं आपली जादाची दिली, भली माणसं. वजनाला हलकी, ताकदीला चांगली, फक्त उंचीला दोन बोटं कमी. मिस्त्रींनी पट्टी टाकली, नट आवळत आणला आणि मध्येच नट थांबला. रॉडवरचे आटे संपले होते, त्याखाली नुसता गुळगुळीत रॉड. पान्याला नट घट्ट लागत होता, पण पट्टी बॅटरीला टेकतच नव्हती. रॉड काढून खालपर्यंत आटे पाडायला हवे होते. अर्ध्या तासाचं काम, आणि गाडी शर्यतीच्या रेषेवर न्यायला दहा मिनिटं उरलेली.

वायरबाईनं नव्या बॅटरीला वायरी लावल्या होत्या, प्लसच्या टोकावर रबरी टोपी चढवली होती, तपासणीच्या कागदावर सही केली होती आणि ती पुढे हेल्मेटचा माईक तपासायला गेली होती. मिस्त्रींनी रबरी मॅटचा तुकडा कापला, चार घड्या घातल्या, पट्टीखाली कोंबला आणि नट पुन्हा आवळला. हिसडा दिला नाही. दिला असता तर कळलं असतं, म्हणूनच दिला नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याची चामडी लोळवली असती त्यांनी! धाकट्यानं मागून विचारलं, "झालं का दादा?" तर त्याच्यावर खेकसले, "झालं म्हणजे झालं! बस जाऊन!" आणि वायरबाईच्या सहीखाली, 'बॅटरीची पकड' या ओळीसमोर, आपली सही ठोकली.

सातव्या फेरीत गाडीचं चाक वळणाच्या काठावर चढलं, गाडी उचलली गेली आणि आपटली. डिकीतून आधी धूर आला, मग जाळ. रबर तापून मऊ पडलं असणार, निसटलं असणार, बॅटरी उसळून टोपी फाटली असणार आणि प्लसचं टोक लोखंडी पट्टीला भिडून शॉर्ट झालं असणार. मिस्त्रींना हे धावता धावताच कळलं. धाकट्याला बाहेर ओढेपर्यंत तो कमरेपर्यंत भाजला होता.

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या तपासनिसानं जळका सांगाडा बघितला. बॅटरीच्या खोक्याचा वितळून गोळा झालेला, रबराचा मागमूस नाही. रॉड मात्र ताठ उभे आणि नट घट्ट. "पकड तर एक नंबर होती," तपासनीस म्हणाला. म्हणजे दोष वायरिंगचा. वायरबाई जीव तोडून सांगत होती, "अहो, मी तीनदा तपासलंय. टोपी मी माझ्या हातानं घातली." मिस्त्री शेजारी मूग गिळून उभे राहिले. उद्या सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

मग हॉस्पिटलात धाकट्याचा जबाब झाला. तो म्हणाला, "वायरिंगचंच असणार. ती घाईत होती." आणि नर्सला सांगितलं, "तिला आत सोडू नका."

चार दिवस ती खोलीबाहेरच्या लोखंडी बाकावर बसून होती. मिस्त्री आत जात, बाहेर येत. बाहेर आले की ती उठून उभी राहायची. "काय म्हणाले, दादा? माझ्याबद्दल काही?" मिस्त्री म्हणायचे, "झोपलाय गं." त्यांना स्वतःची किळस यायची, पण तोंडातून शब्द काही फुटायचा नाही. जन्मभर ज्या गोष्टीवरून जगाला फाडून खाल्लं, तीच आपल्या हातून झाली हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले. किडन्या बंद पडल्या होत्या. "ज्यांना भेटायचंय त्यांनी आत्ताच भेटून घ्या," ते म्हणाले. वायरबाईनं मिस्त्रींचा हात धरला. आजवर कधी तिनं काही मागितलं नव्हतं.

"दादा, एकदा विचारा ना त्यांना. पाया पडते तुमच्या. पाच मिनिटं फक्त."

मिस्त्री आत गेले. धाकटा जागा होता. मिस्त्रींनी खुर्चीही ओढली नाही, उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "ऐक. वायरिंग चांगलं होतं. आटे संपले होते, मी पट्टीखाली रबर कोंबलं. तुला मी जाळलं. तिचा काडीचा दोष नाही."

धाकट्यानं त्यांच्याकडे शांतपणे बघितलं.

"माहितीये मला," तो म्हणाला.

"काय माहितीये?"

"गाडीत बसायच्या आधी मी डिकीत हात घातला होता. बॅटरी हलत होती."

"अरे गाढवा, मग बोलला का नाहीस?"

"तुझ्यापुढे कधी बोललोय मी?"

मिस्त्रींनी विचारलं, "आणि तिचं नाव का घेतलंस?"

"तुझं घेतलं असतं तर लायसन गेलं असतं, गॅरेजला कुलूप लागलं असतं. तू बापाच्या जागी आहेस, दादा. ती काय, घरची आहे. घेईल सांभाळून."

"चार दिवस बाहेर बसलीये रे ती! आत का घेत नाहीस?"

"तिच्या तोंडावर मला खोटं बोलता येणार नाही." त्याचा श्वास अडकला, पुन्हा लागला. "पण आता बोलव. आता मला ती हवीय."

मिस्त्री बाहेर आले. नर्स हिरवा झगा घेऊन दारातच उभी होती. वायरबाईनं तो अंगावर चढवायला सुरुवातही केली होती, एक हात बाहीत होता. तेवढ्यात मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. आटे, रबर, सही, चार दिवस. मुंडी खाली घालून, एक शब्द न गाळता.

"आणि ह्यांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

क्षणभर मिस्त्रींना वाटलं, नाही म्हणावं. मरणाऱ्याला तेवढं द्यावं. पण चार दिवसांत बोलून झालं तेवढं खोटं पुरे होतं.

"माहीत होतं. मला वाचवायला तुझं नाव घेतलं त्यानं. आता बोलावतोय तुला."

तिनं बाहीतून हात काढला, झग्याची नीट घडी घातली आणि मिस्त्रींच्या हातात दिली.

"तुम्हा दोघांना एकमेकांना वाचवायचं होतं ना?" ती म्हणाली. "मग जा, वाचवा."

"अगं, त्याच्याकडे वेळ नाही..."

"माझ्याकडे चार दिवस वेळच वेळ होता."

मिस्त्री एकटेच आत आले. धाकटा मान वळवून दाराकडे बघत होता. "येतेय?" त्यानं विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

साडेचारला तो गेला. तोवर त्याची नजर दारावरच होती, आणि दारापलीकडे ती त्याच बाकावर बसून होती. उठून गेली नाही, आत आली नाही.