तिकीट लावलेला हुतुतू

जी बाई सकाळपासून चुलीपुढे घाम गाळते, तिच्याच पानात शेवटी भाजी उरत नाही. हे आपल्या घरोघरी चालते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. "तिला कुठे भूक असते!" असे म्हणत आपण हात धुवायला उठतो. गिरगावातल्या एका कॉलेजच्या जिमखान्यात त्या शुक्रवारी दुपारी वेगळे काही चालले नव्हते.

जिमखान्याचे प्रमुख प्राध्यापक शामराव टेबलावर एक छापील कागद ठेवून बसले होते. समोर हुतुतू संघाचा कप्तान लवू उभा होता. रविवारी परळच्या मैदानावर दोन कॉलेजांचा सामना होता. कॉलेजच्या नव्या इमारतीसाठी त्याला तिकीट लावले होते, आणि सगळी तिकिटे केव्हाच खपली होती. लवूची चढाई पाहायला अवघे लालबाग लोटणार होते.

"सही कर," शामराव म्हणाले. "खेळासाठी मी कधीही पैसे घेतले नाहीत, एवढंच लिहिलंय त्यात. समोरच्या कॉलेजनं तक्रार केलीय. म्हणे, तू गेल्या महिन्यात कॉटन ग्रीनला एका मिलच्या संघातून खेळलास. नाव बदलून, बारा रुपये घेऊन. खोटं आहे ना रे?"

"खरं आहे, सर."

शामराव ताडकन उठले. "लाज नाही वाटली? खेळ म्हणजे पूजा! तिथे पैसा आला की बाजार झाला!"

"गुडघा गेला होता, सर," लवू हळूच म्हणाला. "दिवाळीआधी, कॉलेजसाठी खेळताना. तुम्हीच हार घातला होता मला. नंतर शीवच्या हाडवैद्यानं बारा रुपये सांगितले. आई एकटी मिलमध्ये जाते, खाणारी तोंडं पाच. नोकरी धरावी तर सकाळी कॉलेज, संध्याकाळी सराव. सराव चुकला तर नादारीची फीमाफी जाते, मग फी कुठून भरू? मला एकच गोष्ट येते. ती विकली."

"दुखऱ्या गुडघ्यानं खेळलास?"

"दुखत होता म्हणूनच खेळलो, सर. बरा असता तर पैसे कशाला लागले असते?"

लवूने कागदाकडे पाहिले. "सही केली तर मी खोटा. नाही केली तर संघाबाहेर, म्हणजे नादारी गेली, शिक्षणही गेलं. चढाईत चौघांनी धरलं तरी मध्यरेषेला बोट लागेल अशी आशा असते, सर. इथे मध्यरेषाच नाही."

शामराव मोठे भाविक. परळच्या देवळात दर एकादशीला कुशाबा बुवांचे कीर्तन असे आणि शामराव पुढची जागा कधी चुकवत नसत. बुवा दिवसा मिलमध्ये कापडाचे साचे चालवीत, पण हा माणूस कीर्तनाला उभा राहिला की ऐकणाऱ्याला संसाराचा विसर पडे, आणि तो बिदागीचा एक पैसा घेत नसे! बुवा लवूच्याच चाळीत राहत.

"चल बुवांकडे!" शामराव म्हणाले. "एवढा निष्काम माणूस शेजारी असताना तू बारा रुपयांना विकला जातोस! तेच सांगतील तुला."

दोघे ट्रामने लालबागला आले. चाळीच्या भिंतीवर डांबराने लिहिले होते, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. पहिली पाळी नुकतीच सुटली होती. बुवा दारात बसून केसांतला कापूस झटकत होते.

"या मास्तर! एकादशी नसताना वाट चुकलात?"

शामरावांनी सगळे सांगितले. "आता तुम्हीच याला दोन शब्द सांगा, बुवा. तुम्ही कधी बिदागी घेतलीत?"

"नाय घेतली. पण का नाय घेतली, ते कधी विचारलंत?"

"भक्ती! दुसरं काय?"

बुवा हसले. "भक्ती आहेच. पण दहा तारखेला मिलचा पगारही आहे, मास्तर. पोटात भाकरी असली की विठ्ठल आणखी गोड लागतो. उद्या मिल बंद पडली तर हाच कुशाबा कीर्तनाचा नारळ कानाशी हलवून बघेल, पाणी आहे की नाय!"

लवूला हसू आवरेना. बुवा मात्र गंभीर झाले.

"माझ्या कीर्तनाला तिकीट नसतं. कुणी देवळाबाहेर खिडकी उघडून माझं कीर्तन चार-चार आण्याला विकलं आणि मला म्हणाला, बुवा, तुम्ही निष्काम राहा, तर त्याला काय म्हणाल?"

शामराव कपाळ पुसू लागले.

"वेठ म्हणतात तिला, मास्तर! माझ्या बापसानं खोताच्या घरी केली ती! परवा समितीच्या सभेत तुम्ही माझ्या शेजारीच होता. मुंबई घाम गाळणाऱ्याची, म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलात. मग त्या मैदानावर घाम कोणाचा सांडतो?"

"पण पैशानं खेळ बिघडेल, बुवा! आज बारा घेईल, उद्या हरण्याचे शंभर घेईल!"

"घेईल एखादा. हरायचे पैसे घेईल त्याला हाकला! पण रविवारी मांडववाला फुकट येणार आहे? बँडवाला? पंच भत्ता घेतो, म्हणून त्याचा निवाडा नासतो काय?"

"नाही," शामराव पुटपुटले.

"निष्काम हा शब्द मोठा आहे. तो ज्याचा त्यानं आपल्या गळ्यात घालायचा. दुसऱ्याच्या गळ्यात घातला की त्याचा फास होतो." मग बुवा लवूकडे वळले. "आणि तू रे शहाण्या! मोल घेतलंस ते पाप नाय. नाव बदललंस, ते पाप. ज्याची लाज नाय ते लपवायचं कशाला?"

लवूने मान खाली घातली. शामराव त्याच्या गुडघ्याकडे पाहत राहिले. अरेरे! हार घालताना आपण याच्या पायाकडे एकदाही पाहिले नाही! पंचवीस वर्षे कीर्तने ऐकली, आणि ऐकले काय?

शनिवारी सकाळी लवूने त्याच कागदावर सहीऐवजी लिहिले, 'मी नाव बदलून खेळलो आणि बारा रुपये घेतले.' त्याखाली शामरावांनी लिहिले, 'हा गुडघा आमच्यासाठी खेळताना दुखावला. औषधाला आम्ही काही दिले नाही. पहिला दोष आमचा.'

प्रिन्सिपॉलसाहेब कागद वाचून हादरले. "शामराव, लवू नसला तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील हो!"

"मागू देत, साहेब! म्हणजे कळेल, लोकांनी तिकीट इमारतीसाठी काढलं होतं की लवूसाठी!"

शामरावांनी आपल्या मागण्या एकेक करून मांडल्या. अखेर साहेबांनी दोन गोष्टी मान्य केल्या. नादारी गरज आणि अभ्यास पाहून मिळेल, तिचा सरावाशी संबंध राहणार नाही. आणि खेळताना दुखापत झाली तर खर्च कॉलेज करील. तिकिटाच्या पैशांतून खेळाडूंना मजुरीसारखा रोज द्यावा, ही तिसरी मागणी मात्र नियमात बसेना. लवूला त्या हंगामापुरते संघाबाहेर राहावे लागले.

शामरावांनी त्याच दिवशी जिमखान्याच्या प्रमुखपदाचा राजीनामा दिला. "खेळाडूला त्याचा रोज मिळेल त्या दिवशी बोलवा, धावत येईन," एवढेच ते म्हणाले. रविवारी त्यांनी, लवू खेळणार नाही म्हणून कुणीतरी परत केलेले, चार आण्याचे तिकीट काढले आणि लवूशेजारी फळीवर बसून सामना पाहिला. पुढे कितीतरी महिने ते कॉलेजाकॉलेजांत जाऊन हा नियम बदला म्हणून सांगत फिरले. कुणी ऐकले, कुणी हसले.

बंधुभगिनींनो, निष्काम सेवा थोर खरीच! पण ती आपण करायची असते, दुसऱ्याकडून वसूल करायची नसते. ज्याच्या खेळावर तिकीट लागते, त्या तिकिटात त्याचा वाटा असतो. तो त्याला स्वतःच्या नावाने, चारचौघांत, मान ताठ ठेवून घेता आला पाहिजे!