मिठाच्या पाण्यातली सात पुस्तकं

...आणि मग, मित्रांनो, मला मधूनच सुरुवात करावी लागते. मी एक जुना, दोनदा शिवलेला ग्रंथ आहे. माझी पहिली पाने उंदरांनी नेली. जग कसं निर्माण झालं ते आता माझ्याकडून कुणाला कळणार नाही.

मी बायबल आहे, ख्रिस्ती लोकांचा पवित्र ग्रंथ. दिसायला एक, पण आतून मी पुष्कळ पुस्तकांची मोळी आहे. छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात सहासष्ट पुस्तकं होती. नागपूरला माझ्या मालकिणीच्या, रुखमाच्या वडिलांनी मला विकत घेतलं. ते कॅथलिक होते. त्यांनी वेगळी छापलेली आणखी सात पुस्तकं मिळवली आणि ती माझ्या पाठीला शिवून घेतली. दाभण आरपार गेला. ती माझी पहिली जखम.

कॅथलिक म्हणतात, देवाच्या प्रेरणेने लिहिलेली पुस्तकं त्र्याहत्तर. प्रॉटेस्टंट म्हणतात, सहासष्टच, बाकीची सात माणसांची. मला आत शिवण जाणवायची. देव कुठे थांबला ते जाणवायचं नाही.

१९७१ साली रुखमा लग्न होऊन लाखांदूरजवळच्या एका गावी आली. तिच्या पेटीत मी होतो. नवरा टेकचंद, सासरा भोजराज. घरी धानाची शेती. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, सगळी प्रॉटेस्टंट, आणि भोजराज त्यांची प्रार्थना चालवायचा. त्याचं स्वतःचं लाल कडांचं बायबल होतं. मला त्याने कधी उघडलं नाही.

रुखमा मला चुलीपाशी वाचायची. माझ्या कोपऱ्यांना हळदीचे डाग आहेत, ते तिच्या अंगठ्याचे. तिचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं, दुसरं तापाने. त्यानंतर ती त्या सात पुस्तकांतली एकच गोष्ट वाचू लागली. एक राजा एका आईच्या डोळ्यांदेखत तिच्या सात मुलांना मारतो. जिभा छाटतो, हात तोडतो, तापल्या कढईत भाजतो. आई प्रत्येकाला धीर देते. ती गोष्ट वाचताना रुखमाचा आवाज कापायचा नाही. एरवी मीठ मागतानाही कापायचा.

१९७८ च्या उन्हाळ्यात तिने ती गोष्ट बायकांच्या प्रार्थनेत वाचली. संध्याकाळपर्यंत भोजराजला कळलं.

(इथे माझं एक पान नाही. त्या पानाने तिने ओठांवरचं रक्त पुसलं.)

...दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भोजराज मला मांडीवर घेऊन बसला. हातात विळा.

"हे सात पुस्तकं देवानं सांगतली नाईत. मानसानं लिवली. माह्या घरात चालनार नाई."

"मामाजी, बाकीची कोनाच्या हातानं लिवली?" रुखमा म्हणाली. तिचा ओठ सुजला होता. "माह्याजवळ दुसरं काही नाई. लेकरं नाईत. हे राहू द्या."

"चूप राय वो," टेकचंद म्हणाला. तो नेहमी एवढंच म्हणायचा.

शेजारचा तुलाराम तिथेच बियाणं पारखत होता. आमच्या भागात पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी बी पेरायच्या आधी धान गंजात, मोठ्या पातेल्यात, मिठाच्या पाण्यात ओततात. अंडं तरंगेल इतकं मीठ घालायचं. भरलेला दाणा तळाशी बसतो, पोचट वर येतो. वरचा फेकायचा. तुलारामने अंडं बाहेर काढलं आणि हसत म्हणाला, "भांडता कायले गा? गंज भरला हाय. टाका अन् पारखा."

त्याने गंमत केली होती. पण भोजराज शेतकरी होता. जन्मभर त्याने हीच पारख केली होती आणि ती कधी चुकली नव्हती. त्याने विळ्याने माझी पाठ उसवली. सात पुस्तकं वेगळी केली, सुतळीने बांधली आणि गंजात टाकली. मला खाटेवर ठेवलं.

सात पुस्तकं तरंगली.

"पाह्य," भोजराज म्हणाला. "पोचट."

"तरंगनारच," रुखमा म्हणाली. "देवानं त्यात श्वास फुकला, असं तुमीच प्रार्थनेत सांगता. श्वास तळाशी बसते का मामाजी?"

"हे बी खरं हाय गा," तुलाराम म्हणाला.

"आता तुमचं टाका," रुखमा भोजराजला म्हणाली.

तुलारामने खाली पाहत म्हटलं, "दोन्ही बियाणं एकाच पान्यात टाकलं त पारख. नाईतर कायची पारख?"

भोजराजला मुळीच शंका नव्हती. म्हणूनच त्याने आपलं लाल कडांचं बायबल आणलं आणि स्वतःच्या हाताने पाण्यावर सोडलं. तेही तरंगलं. सात पुस्तकांना जाऊन टेकलं.

तुलारामला हसू आवरलं नाही.

मीठ ढवळायचं बांबूचं दांडकं गंजाला टेकून ठेवलं होतं. भोजराजने ते उचललं. पहिला फटका रुखमाच्या भुवईवर बसला. हाड वाजलं. ती खाटेवर आदळून खाली पडली, तिच्याबरोबर मीही धुळीत पडलो. दुसरा फटका तिच्या खांद्यावर, तिसरा डोळ्यावर. डोळ्यातून रक्त आलं आणि माझ्या उघड्या पानांवर सांडलं. ती ओरडलीही नाही. चौथा फटका

(इथेही पान नाही.)

"बाबा, पुस्तकं भिजून राहिले," टेकचंद म्हणाला.

मित्रांनो, त्यासरशी दांडकं थांबलं. बाईच्या रक्ताने थांबलं नाही, ते कागदासाठी थांबलं. भोजराजचे हात पाण्यात गेले, त्याने आपलं बायबल काढून धोतराने पुसलं. टेकचंदने सात पुस्तकं काढून छातीशी धरली. तुलारामने मला उचललं, धूळ झटकली आणि पडलेला ग्रंथ लावतात तसं मला कपाळाला लावलं. खाली एक कपाळ फुटून पडलं होतं. तिकडे कुणी वाकलं नाही.

रुखमा भिंत धरून स्वतः उठली. टेकचंदने सात पुस्तकं तिच्यापुढे धरली. त्याला वाटलं, तिला हेच हवं होतं.

"पाह्य, वाचोली. एक बी पान गेलं नाई."

तिने एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. "मी बी खालीच पडली होती," ती म्हणाली. "तुमाले दोन हात होते."

तिने लुगड्याचा पदर डोळ्यावर दाबला आणि रस्त्यावर जाऊन लाखांदूरची एसटी धरली. मला घेतलं नाही. त्या सात पुस्तकांनाही नाही. ती परत आली नाही.

टेकचंदने सात पुस्तकं उन्हात वाळवली आणि जाड सुतळीने मला पुन्हा शिवली. फार वाईट शिवली. भोजराजने पाहिलं, पण पुन्हा विळा उचलला नाही. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या उशाशी त्याचं लाल कडांचं बायबल होतं, मिठाने फुगलेलं. मिटायचंच नाही. माझ्या पानांतही मीठ राहिलं आहे. पावसाळ्यात ते ओल ओढतं आणि माझी शेवटची सात पुस्तकं घामाने भिजल्यासारखी होतात. टेकचंद ती पुसतो. वाचत नाही. एका बाजूने वाळवी येते आहे.

तेव्हा मित्रांनो, पुस्तकं जपा. ओलीत ठेवू नका, उंदरांपासून सांभाळा. माझ्यात किती देवाचं आणि किती माणसाचं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, मी कागद आहे. पण मी आणि एखादं माणूस एकाच वेळी जमिनीवर पडलो, तर आधी माणसाला उचला. मला धुळीत पडून राहता येतं.